जुनी मोटरहोम घेताय? आधी ओल बघा, मग इंजिन

नव्या मोटरहोमचा, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेल्या गाडीचा, आकडा ऐकला की बहुतेक लोक जुन्याकडे वळतात आणि त्यात कमीपणा काहीच नाही, नीट सांभाळलेली पंधरा-वीस वर्षांची मोटरहोम लांबच्या प्रवासाला अगदी आरामात नेते. घोळ होतो तो बघण्याच्या क्रमात. आपल्याला सवय कार बघायची, त्यामुळे किलोमीटर किती झाले, इंजिनचा आवाज कसा आहे हे आधी विचारलं जातं, मग आत शिरून गाद्या-पडदे बघून मन भरतं आणि तिथल्या तिथे टोकन देऊन माणूस मोकळा होतो. पण जुन्या मोटरहोममध्ये इंजिन सहसा शेवटी जातं, भिंती आधी जातात. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं कुठल्यातरी मालवाहू व्हॅनचं असतं, फियाट डुकाटो, मर्सिडीज स्प्रिंटर, फोर्ड ट्रान्झिट वगैरे, त्याचे पार्ट मिळतात, काम करणारे मेकॅनिक मिळतात. भिंत आतून कुजली तर मात्र अख्खी बाजू उघडावी लागते आणि तो खर्च कधी कधी गाडीच्या किमतीच्याही वर जातो. म्हणून खालचा क्रम मी मुद्दाम असा लावलाय, की नको असलेली गाडी लवकरात लवकर बाद व्हावी आणि तुमचा अख्खा दिवस तिच्यावर जाऊ नये.

पायरी १: गाडी बघायच्या आधी, रात्र कशी काढणार ते ठरवा

जाहिरातीत लिहिलेलं असतं "सहा जण झोपू शकतात". खरं असतं ते, पण त्यातले दोघं ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या बेडवर, दोघं टेबल खाली पाडून केलेल्या बेडवर, आणि बसायला बेल्टवाल्या सीट मात्र चारच. जुन्या गाड्यांत तर मागच्या आडव्या बाकांना बेल्टच नसतो किंवा नुसता कमरेचा असतो. तेव्हा आधी बेल्ट मोजा, मग बेड मोजा.

आता बेडचं. दिवसभर गाडी चालवून, पाऊस पडतोय, अंधार झालाय, कुठेतरी जागा मिळाली आणि आता पाठ टेकायचीये अशा वेळी आधी टेबल रिकामं करा, ते खाली पाडा, कोड्याचे तुकडे जुळवल्यासारख्या गाद्या लावा, सकाळी परत सगळं उचला. वीकेंडला गंमत वाटते, लांबच्या प्रवासात चौथ्या-पाचव्या दिवशी त्यावरून भांडणं होतात. माझं मत सरळ आहे, लांब जायचं असेल तर एक तरी फिक्स बेड पाहिजेच, मग त्यासाठी बसायची जागा थोडी कमी मिळाली तरी चालेल. फिक्स बेडमध्येही प्रकार आहेत. मागे आडवा बेड असला की आत झोपणाऱ्याला रात्री उठायला दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागतं, कोपऱ्यातल्या उभ्या बेडचा पायाकडचा एक कोपरा बहुतेक वेळा कापलेला असतो, दोन्ही बाजूंनी उतरता येणारा बेड सगळ्यात छान पण तो लांब गाडीतच बसतो, आणि दोन वेगळे सिंगल बेड हे ज्यांची झोप हलकी आहे त्यांच्यासाठी वरदान. लांबी सेंटिमीटरमध्ये विचारा. तुमची उंची १८० च्या वर असेल तर १८५ च्या बेडवर पाय कपाटाला लागणारच.

गाडीचे प्रकार थोडक्यात. साधी पॅनल व्हॅन आतून घर केलेली: चालवायला सोपी, कुठेही शिरते, पत्र्याची बॉडी असल्यामुळे सांधे कमी म्हणजे गळती कमी, पण आत जागा तुटपुंजी. केबिनच्या वर बेड असलेली ओव्हरकॅब: कमी लांबीत जास्त माणसं, पण वाऱ्याला अडते, डिझेल जास्त खाते आणि पुढचा वरचा कोपरा हाच गळतीचा पहिला अड्डा. लो-प्रोफाइल म्हणजे तोच ढाचा, वरचा मोठा बेड काढून टाकलेला, दोघांना लांबच्या प्रवासाला माझ्या मते हीच सगळ्यात समतोल. पूर्ण इंटिग्रेटेड, म्हणजे पुढची काचसुद्धा मोटरहोम बनवणाऱ्यानेच बसवलेली: आत ऐसपैस, बाहेरचं दिसतंही झकास, पण जुन्या मॉडेलची ती मोठी काच फुटली तर शोधत बसावं लागतं.

पायरी २: फोनवरच चाळणी लावा

तासन्‌तास जाऊन बघण्यापेक्षा फोनवर दहा मिनिटं बोला. गाडी उभी कुठे असते, शेडमध्ये की उघड्यावर? भिंतींची ओल शेवटची कधी तपासली आणि त्याचा कागद आहे का? टायमिंग बेल्ट कधी बदलला? टायर कुठल्या वर्षाचे? कर्ज शिल्लक आहे का, कागदावर नाव तुमचंच आहे का? आणि गाडी का विकताय? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काय येतं यापेक्षा किती पटकन येतं ते ऐका.

मग तीन फोटो मागवा जे जाहिरातीत कधीच नसतात: वरच्या कपाटांच्या आतले कोपरे, छत वरून, आणि चासी नंबर आणि वजनं लिहिलेली पट्टी. हे पाठवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडे जाऊ नका. आणि फोन ठेवताना सांगा की मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका, कारण गरम इंजिन कसंही असलं तरी गुमान सुरू होतं, खरी परीक्षा थंड इंजिनची.

अजून एक गोष्ट, दुसऱ्या देशातून आणलेली गाडी असेल तर लोकांच्या लक्षात येत नाही ती: राहायच्या भागाचं दार कुठल्या बाजूला उघडतं? रस्त्याच्या कडेला थांबल्यावर दार ट्रॅफिकच्या बाजूला उघडत असेल तर रोजची डोकेदुखी आहे, मुलं असतील तर सरळ धोका आहे. अमेरिकन गाडी असेल तर आतली वायरिंग १२० व्होल्टची असते, २३० व्होल्टच्या ठिकाणी ती तशीच लावता येत नाही.

पायरी ३: ओल

इथेच घोडं पेंड खातं, म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा, गाडीभोवती आणि आत मिळून तासभर तरी. शक्य असेल तर पाऊस पडून गेल्यावरच बघायला जा.

दार उघडल्यावर पहिला श्वास महत्त्वाचा, दोन मिनिटांत नाक सरावतं आणि मग काही कळत नाही. कुबट, ओल्या लाकडासारखा वास आला तर तो लक्षात ठेवा. एअर फ्रेशनरचा भपका आला तर तोही लक्षात ठेवा.

जुन्या बहुतेक मोटरहोमची भिंत म्हणजे बाहेर अॅल्युमिनियमचा किंवा फायबरचा पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि फोम, आत पातळ प्लाय. पाणी कुठल्यातरी सांध्यातून आत शिरतं, लाकडात मुरतं आणि वर्षानुवर्षं आतच राहतं, आतला प्लाय वरून कोरडा दिसत असतानाच मागचं लाकूड हाताने चुरगळेल इतकं गेलेलं असतं. म्हणजे डाग दिसतोय याचा अर्थ सुरुवात नाही, बरंच आधीपासून चाललंय.

ओव्हरकॅब असेल तर वर चढा. गादी पूर्ण उचला, नुसती वाकवू नका. खालच्या फळीवर काळपट कडा असलेला डाग, स्टेपलच्या पिनांना गंज, गादीच्या खालच्या कापडावर काळे ठिपके, हे तिन्ही एकत्र दिसले तर पुढे काही बघायची गरज नाही. मग पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत अंगठ्याने दाबा. चांगली भिंत दाबली जातच नाही, खराब भिंत हलकीशी आत जाते आणि करकर असा बारीक आवाज येतो, तो एकदा ऐकला की विसरत नाही. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाका, समोरून सपाट दिसणाऱ्या वॉलपेपरवर लाटा दिसायला लागतात.

हेच सगळीकडे करा: छतावरच्या खिडक्यांच्या चारही बाजू, प्रत्येक खिडकीचे खालचे कोपरे, बाहेर जिथे छत्री म्हणजे ऑनिंग बसवलेली असते त्या रेषेच्या आतली बाजू, मागच्या दिव्यांच्या मागे, फ्रिजच्या जाळ्यांच्या आसपास, मागच्या गॅरेजचे, म्हणजे सामान ठेवायच्या मोठ्या कप्प्याचे, खालचे कोपरे आणि बाथरूमचा ट्रे. कपाटं रिकामी करून आत डोकं घाला. मालकाला ओशाळल्यासारखं वाटू देऊ नका, पण स्वतःही लाजू नका.

ओल मोजायचं मीटर स्वस्त असतं, घ्याच. साधारण १५ टक्क्यांपर्यंत ठीक, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवण्यासारखं, २० च्या वर गेलं की कारण शोधावं लागतं आणि ३० च्या आसपास म्हणजे लाकूड जाण्याच्या मार्गावर किंवा गेलेलं. फक्त मीटरच्या आकड्यावर जाऊ नका, भिंतीमागे धातू असला की तो फसतो आणि हवेत दमटपणा असला तर सगळीकडेच जास्त दाखवतो. म्हणून आधी गाडीच्या मधोमध, जिथे गळतीची शक्यता नाही अशा जागी आकडा घ्या आणि बाकीचे त्याच्याशी ताडून बघा. सगळीकडे १४ आणि एका कोपऱ्यात २६, हा एक आकडा पुष्कळ काही सांगतो.

बाहेरून बघताना गाडीच्या शेवटी उभं राहून बाजूच्या भिंतीवरून तिरकी नजर टाका. फुगवटे दिसले तर पत्रा आणि फोम सुटलेत. सांध्यांवर चकचकीत सिलिकॉन फासलेलं दिसलं तर कुणीतरी गळती वरून बुजवलीये, नीट काम करणारा माणूस सांध्यावरची पट्टी काढतो, जुनं सीलंट खरवडतो, ब्युटाईलचं मऊ सीलंट घालतो आणि परत पट्टी लावतो. वरून फासलेल्या सिलिकॉनने पाणी आत जायचं थांबतंच असं नाही, आत गेलेलं बाहेर यायचं मात्र थांबतं. छत शिडी लावून बघा, वर चालू नका, प्लास्टिकच्या खिडक्यांना उन्हाने बारीक तडे गेलेत का ते बघा.

फरशीवर बूट काढून चाला. दारापाशी आणि सिंकसमोर ती थोडी दबते, लवचिक लागते. नुसती दबत असेल तर बऱ्याचदा थर सुटलेले असतात आणि ते दुरुस्त होतं, पण खालून स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर भुसभुशीत लागली तर कुजलीये.

मग ठरवायचं कसं? एकाच ठिकाणी ओल आहे, कारण दिसतंय, लाकूड अजून कडक आहे, तर भाव पाडून घ्यायला हरकत नाही. दोन-तीन कोपऱ्यांत आहे आणि अंगठा आत जातोय तर नमस्कार करून निघा, कितीही स्वस्त देत असले तरी. आणि अख्ख्या गाडीत जुना वॉलपेपर आणि एकाच कोपऱ्यात कोरा करकरीत दिसला, तर तिथे काय झाकलंय हे विचारायचीही गरज नाही.

पायरी ४: वजनाचं गणित

हे कुणीच करत नाही आणि म्हणूनच रस्त्यावर जड झालेल्या मोटरहोम इतक्या दिसतात. पट्टीवर जास्तीत जास्त वजन लिहिलेलं असतं, युरोपातल्या बऱ्याच जुन्या गाड्या ३५०० किलोवर नोंदवलेल्या आहेत कारण साधं कारचं लायसन्स सहसा तिथपर्यंतच चालतं. समजा काट्यावर गाडी डिझेल आणि ड्रायव्हरसकट ३१५० भरली. उरले ३५०. शेजारी बसणारा माणूस ७०, पाण्याची टाकी भरली तर १०० लिटरचे १०० किलो, गॅसच्या दोन लोखंडी बाटल्या भरलेल्या धरून ४५, दोन इलेक्ट्रिक सायकली ५०, ऑनिंग नंतर बसवली तर ३०. झाले २९५. उरलेल्या ५५ किलोंत दोघांचे कपडे, अंथरूण-पांघरूण, भांडी, किराणा, खुर्च्या, टूलबॉक्स सगळं. चार जणांचं कुटुंब असेल तर हिशोब करायलाच नको.

म्हणून काटा कुठे जवळ असेल तर गाडी तिथे नेऊन पुढचा आणि मागचा एक्सल वेगवेगळा मोजा. मागे लांब शेपूट असलेल्या गाड्यांत अजून एक मेख असते. दोन्ही एक्सलमध्ये ४ मीटर अंतर आणि मागच्या एक्सलच्या २ मीटर मागे ५० किलोचा सायकल रॅक टांगला, तर मागच्या एक्सलवर ५० नाही, ७५ किलो वाढतात आणि पुढचा २५ ने हलका होतो. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर मग ओल्या गवतातून बाहेर निघताना चाकं जागच्या जागी फिरतात.

पायरी ५: आतलं सगळं चालू करून दाखवायला सांगा

"चालतं सगळं" हे ऐकून घ्यायचं नाही, चालवून बघायचं. फ्रिजबद्दल आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गॅसवर लावून ठेवा, कारण जुना तीन प्रकारे चालणारा फ्रिज थंड व्हायला बरेच तास घेतो. हे फ्रिज बाहेरून जोडलेली वीज, गाडीतले १२ व्होल्ट आणि गॅस तिन्हीवर चालतात, १२ व्होल्टवर फक्त गाडी चालू असताना, नाहीतर बॅटरी पार रिकामी करतात. गाडी तिरकी उभी असेल तर ते नीट चालत नाहीत. अमोनियाचा झणझणीत वास किंवा मागच्या बाजूला पिवळी पूड दिसली की कूलिंग युनिट गेलं, ते भरून मिळत नाही, बदलावं लागतं. कॉम्प्रेसरचा फ्रिज बसवलेला असेल तर चांगलंच, पण मग बॅटरी आणि सोलर त्या मानाने हवेत.

गॅसची ज्योत निळी आणि स्थिर हवी, पिवळी नाचणारी नको. रबरी नळीवर तारीख छापलेली असते ती वाचा. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साठतो, म्हणून फरशीत मुद्दाम भोकं ठेवलेली असतात आणि थंडी लागते म्हणून लोक ती बुजवतात. बुजवलेली दिसली तर उघडायला लावा आणि आधीच्या माणसाने अजून काय काय कलाकारी केलीये ते शोधा. थंडीत फिरायचं असेल तर ब्युटेन उपयोगाचा नाही, शून्याच्या आसपास त्याचा वायूच होत नाही, प्रोपेन उणे ४२ पर्यंत होतो. हीटर थर्मोस्टॅटने बंद होऊन परत लागेपर्यंत चालवा, डिझेलचा असेल तर सुरू होताना थोडा धूर चालतो, सतत धूर नाही.

पाण्याचा पंप लावा, सगळे नळ बंद करा आणि शांत उभे राहा. पंप मधूनच कुरकुर करत परत परत लागत असेल तर कुठेतरी गळतंय. गरम पाण्याचा बॉयलर भरून बघा, हिवाळ्यात पाणी न काढता ठेवलेली गाडी असेल तर तो किंवा त्याचे जॉइंट तडकलेले असू शकतात. ताज्या पाण्याची टाकी १०० लिटरच्या आसपास असेल तर दोघांना काटकसरीने तीन-चार दिवस जातात, रोज मनसोक्त अंघोळ पाहिजे असेल तर दीड-दोन दिवसांत खडखडाट. टॉयलेटवर बसून बघा, खरंच बसा, दार लावून. गुडघे दाराला लागतात का, शॉवरमध्ये हात वर करून डोकं धुता येतं का. कॅसेट, म्हणजे टॉयलेटखालची काढता येणारी मैल्याची टाकी, बाहेर काढून तिचं रबर बघा, ते बदलता येतं, पण बसायच्या जागेचं भांडंच तडकलं असेल तर जुन्या मॉडेलचं मिळायला नाकी नऊ येतात.

बॅटरीचं थोडं समजून घ्या. साधी लेड अॅसिड किंवा एजीएम बॅटरी तासभर काहीही न लावता ठेवली आणि १२.७ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, आणि अर्ध्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे १०० अँपियर-अवरमधले ५०च तुमचे. लिथियम आयर्न फॉस्फेट बसवलेली असेल तर जवळजवळ सगळी वापरता येते, पण चार्जर तिच्यासाठीचा आहे का विचारा, जुन्या चार्जरवर नुसती बॅटरी बदललेल्या गाड्या भरपूर फिरतात. आणि शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नसते. नंतर जोडलेल्या वायरी कशा ओढल्यात ते सीटखाली बघा, फ्यूज नसलेली वायर दिसली तर तेवढ्यावरून आख्ख्या कामाचा अंदाज येतो.

पायरी ६: आता इंजिन

इथे कमी किलोमीटर बघून हुरळून जाऊ नका. वीस वर्षांत पन्नास हजार चाललेली मोटरहोम म्हणजे बहुतेक आयुष्य उभी राहिलेली, आणि उभ्या गाडीचे ब्रेक जाम होतात, रबरं कडक होतात, सील सुकतात. त्यापेक्षा दर वर्षी थोडी थोडी चाललेली, बिलं फाइलला लावलेली लाखभर किलोमीटरची गाडी मी कधीही घेईन.

बॉनेटवर हात ठेवून गाडी थंड आहे ना बघा, मग सुरू करायला सांगा आणि मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा आणि जातच नाही म्हणजे कूलंट, काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाहीये. ऑइलच्या झाकणाखाली पिवळसर लोण्यासारखं काही दिसलं तर कूलंट ऑइलमध्ये मिसळत असेल, अर्थात नुसत्या छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही थोडं जमतं, म्हणून कूलंटची पातळीही बघा. टायमिंग बेल्ट किलोमीटरइतकाच वर्षांवरही बदलायचा असतो आणि बिल नसेल तर तो बदललाच नाही असं धरायचं. ऑटोमॅटिक असेल तर त्याचं ऑइल लालसर हवं, तपकिरी आणि जळका वास येणारं नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं आणि जड गाडीला लांब उतारावर तेच जुनं ऑइल दगा देतं.

टायरवर डॉट (DOT) लिहिलेल्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे दिसले तर टायर २००० च्या आधीचा आहे, हसू नका, उभ्या गाड्यांवर सापडतात. मोटरहोमचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात, नक्षी नवीकोरी असली तरी बाजूला तडे आणि सात-आठ वर्षं वय म्हणजे सगळे बदलायचे, आणि ते पैसे भावातून वजा करायचे.

खाली वाकून गंज बघा. पहिल्या पिढीतल्या, १९९५ ते २००६ च्या स्प्रिंटर गंजासाठी बदनाम आहेत. २००६ नंतर आलेल्या डुकाटोच्या सुरुवातीच्या गाड्यांत चढावर रिव्हर्स घेताना गचके बसायचे, तशी गाडी बघत असाल तर चढावर मागे घेऊनच बघा.

पायरी ७: चालवा, पण रिकामी फेरी नको

पाऊण तास तरी चालवा आणि त्यात हायवे, चढ, खराब रस्ता आणि रिव्हर्स सगळं आलं पाहिजे. ज्याला सोबत घेऊन फिरणार आहात त्याला मागच्या सीटवर बसवा, कारण पुढे आरामात बसणाऱ्याला मागचा खडखडाट आणि हेलकावे कळत नाहीत. ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढते का, मोठा ट्रक शेजारून गेला की किती ढकलली जाते, ऐंशीच्या स्पीडला एकमेकांशी साध्या आवाजात बोलता येतं का. आणि परत आल्यावर लगेच उतरू नका, पुढच्या सीट फिरवा, टेबल लावा, दोघं समोरासमोर बसा, एकजण चहा करतोय आणि दुसऱ्याला बाथरूमला जायचंय असं खरंच करून बघा. पावसात दोन दिवस अडकलात तर या जागेत एकमेकांचं तोंड बघवेल का, एवढंच तिथे तपासायचंय.

पायरी ८: कागद, भाव आणि घेतल्यानंतरचे पहिले काही दिवस

चासी नंबर कागदावरचा, काचेखालचा आणि पट्टीवरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. गाडीची नोंदणी मोटरहोम म्हणून आहे की व्हॅन म्हणून ते बघा, घरी बदललेल्या व्हॅनमध्ये इन्शुरन्स तिथेच अडतो. युरोपातल्या बऱ्याच शहरांत जुन्या डिझेलना आत येऊ देत नाहीत, तेव्हा इंजिन कुठल्या युरो नॉर्मचं, म्हणजे धुराच्या प्रदूषणाच्या कुठल्या युरोपीय मानकाचं, आहे हेही कागदावरच वाचा.

भाव करताना "जरा कमी करा" म्हणण्यात अर्थ नाही. टायर, बेल्ट, बॅटरी, गॅसची नळी अशी तुम्हाला सापडलेली यादी समोर ठेवा आणि प्रत्येकाचा खर्च वजा करत या, त्यावर वाद घालणं समोरच्याला अवघड जातं. आणि तुमच्या एकूण बजेटचा पाचवा हिस्सा तरी गाडीत घालू नका, बाजूला ठेवा, कितीही चांगली गाडी असली तरी पहिल्या वर्षात तो लागतो. सगळे पैसे देऊन टाकायच्या आधी मोटरहोमचं काम करणाऱ्या माणसाकडून, म्हणजे नुसत्या कार मेकॅनिककडून नाही, एक तपासणी करून घ्या.

घेतल्यावर आधी फ्लुइड सगळे, बेल्टचं बिल नसेल तर बेल्ट, गॅसची नळी आणि रेग्युलेटर, कार्बन मोनॉक्साइडचा आणि धुराचा अलार्म, अग्निशामक. सोलर, मोठी स्क्रीन, नवे कव्हर हे सगळं नंतर. मग घरापासून तासाभराच्या अंतरावर दोन रात्री काढा, वीज न जोडता, हीटर लावून, अंघोळी करून, काय काय गळतं, खडखडतं आणि कमी पडतं ते वहीत लिहून काढा, आणि जुन्या मालकाचा नंबर अजून फोनमध्ये असेल तेवढ्यात कुठला स्विच कशाचा आहे ते सगळं विचारून घ्या.